थिजलेल्या ज्वालामुखीच्या गावी : मलकापूर

पाँपेईवरील थ्रेड वाचून अनेकांनी एकच प्रश्न विचारला. जागृत ज्वालामुखीच्या शेजारी वसलेले एखादे ऐतिहासिक नगर आपल्याकडे नाही का? भूगोलाच्या अंगाने ह्याचे उत्तर एका ओळीत संपते. भारताच्या हद्दीतील जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर आहे आणि त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही. महाराष्ट्रात तर एकही नाही. तरीही ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आज मी तुम्हाला कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूरला नेणार आहे. तेथील ज्वालामुखी विझून ६ कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत. परंतु १७०२ सालच्या पावसाळ्यात औरंगजेबाची फौज त्याच्याच खडकांत आणि मातीत अडकली होती.

आधी पत्ता निश्चित करू, कारण मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील रेल्वे स्थानकाचे मलकापूर वेगळे, कराडला खेटून असलेले मलकापूर वेगळे. आपले मलकापूर शाहूवाडी तालुक्यातले. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे, शाळी नदीच्या काठी वसलेले. विशाळगडाला निघालेली मंडळी येथे चहापुरती थांबतात आणि पुढे जातात. मीही तीन वेळा तसेच केले. चौथ्या खेपेस मात्र मुद्दाम मलकापूरचेच तिकीट काढले.

त्याला कारण एक शब्दप्रयोग. ‘अनुकूल भौगोलिक परिस्थिती.’ शाळेपासून पदवीपर्यंत मराठ्यांच्या यशाची कारणे लिहिताना आपण सर्वांनी तो लिहिला आहे. तो लिहिला की पुढे कोणी काही विचारत नाही. कोणती परिस्थिती, कोणाला अनुकूल, कोणत्या महिन्यात, हे प्रश्न उत्तरपत्रिकेत येतच नाहीत. त्या तीन शब्दांच्या आत काय आहे ते डोळ्यांनी पाहावे, एवढाच ह्या प्रवासाचा हेतू होता.

कोल्हापूर सोडून वाघबीळ, बांबवडे अशी गाडी पुढे जाऊ लागली की खिडकीबाहेर लक्ष ठेवा. रस्त्यासाठी डोंगर जेथे कापला आहे तेथे दरडीत आडवे पट्टे दिसतात : काळ्या, घट्ट दगडाचा एक जाड थर, त्यावर भुसभुशीत, भोके पडलेला थर, मध्येच विटेच्या रंगाची एक पातळ रेघ आणि पुन्हा काळा दगड. ह्यातील प्रत्येक काळा थर म्हणजे वाहत येऊन थिजलेल्या लाव्ह्याचा एक पूर. लाल रेघ म्हणजे दोन पुरांमधला विसावा. त्या अवधीत वरचा खडक ऊन-पावसाने कुजला, त्याची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्ह्याखाली ती गाडली गेली.

हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश ह्या खडकाने व्यापलेला आहे आणि पश्चिम घाटात काही ठिकाणी थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरपेक्षा अधिक भरते. शास्त्रज्ञ ह्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीचा कोणताही डोंगर आडवा पाहिला की ही पायरी दिसते : उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. घट्ट थर झिजायला वेळ लावतो म्हणून त्याचा कडा उरतो. मऊ थर लवकर झिजतो म्हणून तेथे माची तयार होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपले गड म्हणजे ज्वालामुखीची जुनी तोंडे होत, असे सांगणारे संदेश दर पावसाळ्यात फिरतात. ते चूक आहे. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि पाण्यासारखा पसरत गेला. शंकूच्या आकाराचे पर्वत त्याने रचले नाहीत. एके काळी हे सारे बरेचसे सपाट पठार होते. नद्यांनी ते खोदले, कोकणाच्या बाजूने कडा मागे मागे सरकत गेला, आणि खोदकामातून जे तुकडे वाचले त्यांना आपण विशाळगड, पन्हाळा, गगनगड म्हणतो. आंबा घाट उतरल्यावर संगमेश्वराजवळ राजवाडी-तुरळला किंवा राजापूरच्या उन्हाळ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. तेही ज्वालामुखी जिवंत असल्याचा पुरावा नव्हेत. भेगांतून खोल गेलेले पाणी पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते, इतकेच. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंधही ज्वालामुखीशी नव्हता.

मग तो ज्वालामुखी गेला कोठे? बहुसंख्य भूवैज्ञानिकांचे मत असे की ज्या खोल उष्णतेच्या उगमावर हा लाव्हा वितळला, तो उगम साधारण आपल्या जागीच राहिला. त्यावरून सरकत उत्तरेला आली ती आपली भूमी. त्या उगमावर आज हिंदी महासागरातील रियुनियन बेट आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातील सर्वांत क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक. म्हणजे मलकापूरच्या खडकाची चूल अजून पेटलेली आहे, मात्र साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरवर. रियुनियनच्या शेजारचे मॉरिशसही त्याच उगमातून जन्मले. १८३४ नंतर ऊसमळ्यांवर राबण्यासाठी जे गिरमिटिया मॉरिशसला गेले त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते, आणि त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थी आज तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. सह्याद्रीच्या पायथ्याची माणसे त्याच उगमातून घडलेल्या दुसऱ्या जमिनीवर जाऊन वसली, हे त्यांना कळायला काहीच मार्ग नव्हता. विषयांतर झाले खरे, पण मोह आवरला नाही.

युरोपात ज्वालामुखी आणि नगर ह्यांचे नाते वेगळ्या प्रकारे घडले. मार्च १६६९ मध्ये सिसिलीतील एटना फुटला आणि लाव्ह्याचा लोट कातानिया शहराच्या तटापर्यंत आला. कातानियाच्या काही माणसांनी ओली कातडी पांघरून, पहारी घेऊन लाव्ह्याच्या काठाला भगदाड पाडण्याचा प्रयत्न केला. तेव्हा लोट आपल्याकडे वळेल ह्या भीतीने पातेर्नो गावचे लोक शस्त्रे घेऊन धावून आले. तेथे ज्वालामुखी हा जिवंत शत्रू होता आणि त्याच्याशी काय करायचे हा गावागावांतला तंटा होता. त्याच दशकात, १६६० मध्ये, आपल्याकडे थिजलेल्या लाव्ह्यावरून एक रात्रीची दौड झाली होती.

ती तुम्हाला पाठ आहे. १२ जुलै १६६० ची रात्र, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, शिवा काशीद, मग घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मंडळी. मी फक्त पायाखालची जमीन पाहायला सांगेन. पन्हाळ्यावरून निघालेली वाट मसाई पठारावर चढते. ते जांभ्याचे विस्तीर्ण सपाट पठार आहे. जांभा म्हणजे लाव्ह्याचाच वरचा थर, लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन लोह आणि अॅल्युमिनियम मागे ठेवून गेलेला. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, शेवाळ येते, पाय घसरतो. पण बैलगाडी रुतावी असा खोल चिखल तेथे होत नाही. खालच्या दऱ्यांत मात्र बेसाल्टपासून झालेली चिकण माती पाऊल धरून ठेवते. जड सामान नसलेल्या काही शे माणसांनी रातोरात पठारावरून जाणे आणि पाठलागाच्या फौजेने त्याच वाटेने येणे ह्यांत फरक पडणारच. घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, कासारी नदीच्या उगमाकडच्या पाण्याने काळ्या खडकात कापलेली अरुंद चीर आहे. तेथे उभे राहिल्यावर थोडी माणसे पुष्कळांना कशी अडवू शकली हे सांगावे लागत नाही.

विशाळगडाचे जुने नाव खेळणा. ह्या डोंगराने बाहेरच्या फौजांना आधीही धडे दिले होते. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खेळण्याकडे निघाला असता शिर्क्यांनी वाटाड्ये होऊन त्याला दाट रानात नेले आणि तेथे त्याच्या सैन्याचा फडशा पडला. पुढे महमूद गावानने गड घेतला, मग आदिलशाही आली, १६५९ मध्ये शिवाजी महाराज आले. ह्या सर्वांवर स्वतंत्र थ्रेड होऊ शकतील. आज थांबायचे आहे ते १७०२ वर.

डिसेंबर १७०१ मध्ये औरंगजेब खेळण्यासमोर येऊन पोहोचला. बादशाहाचे वय तेव्हा ८० च्या पुढे. अवजड तोफा, हत्ती, बाजारबुणगे आणि हजारो जनावरे घेऊन ही चालती राजधानी घाटमाथ्यावर चढवणे हेच एक युद्ध होते. वाट फोडण्याचे आणि मोर्चे पुढे नेण्याचे काम फत्तेउल्लाखानाकडे होते. शाहजादा बेदारबख्ताच्या सोबत अंबरचा कोवळा राजा जयसिंहही होता. वय अवघे १३ वर्षांचे. हाच पुढे सवाई जयसिंह म्हणून जयपूर वसवणार होता. गडावर परशुराम त्र्यंबक होते. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, गड पडला नाही.

जूनच्या आरंभी मात्र तो दिला गेला. परशुरामपंतांनी मोठी रक्कम घेऊन गड मोकळा केला आणि आपल्या माणसांसह ते निघून गेले. ह्यावर आजही काहीजण नाके मुरडतात. मला त्यात लाचारीपेक्षा हिशेब अधिक दिसतो. वेढ्याचे कोरडे महिने पंतांनी गडावर काढले. आभाळ भरून येताच जो गड शत्रूला त्या पावसात वापरता येणार नव्हता, तो त्याच्याच पैशाने त्याच्या गळ्यात बांधला. बादशाहाने गडाला ‘सख्खरलना’ असे नवे नाव दिले. काही वर्षांतच गड पुन्हा मराठ्यांकडे होता.

आता परतीचा प्रवास पाहा. १० जून १७०२ ला छावणी हलली. पन्हाळ्यापर्यंतचे अंतर, जदुनाथ सरकारांच्या हिशेबाने, सुमारे ३० मैल; म्हणजे आज एसटीला दोन तास पुरावेत इतके. फौज पन्हाळ्याला पोहोचली १७ जुलैला. अडतीस दिवस! रोज सव्वा किलोमीटरच्या आसपास. ओढे फुगून दिवसेंदिवस वाट अडत होती, उंट आणि बैल चिखलात रुतून मरत होते, हत्तीसुद्धा निकामी झाले, तंबू-सामान मागे टाकावे लागले, धान्याचे भाव आकाशाला भिडले आणि उमरावांवर पायी चालण्याची पाळी आली.

‘पावसाने मोगलांना हरवले’ असे ह्या प्रसंगाचे वर्णन सर्रास केले जाते. पण पाऊस तर कोकणातही पडतो आणि बंगालमध्येही पडतो. मलकापूरच्या पुलावर उभे राहिले की उरलेला अर्धा भाग समजतो. घाटमाथ्यावरचे कठीण थर पावसाचे पाणी मुरू देत नाहीत. ते लगेच वाहू लागते. कड्यांच्या पायऱ्यांवरून ते कमी अंतरात खाली येते, म्हणून शाळी, कडवी, कासारी ह्या नद्यांचे मुळाकडचे ओढे काही तासांत भरतात आणि पाऊस थांबला की उतरतात. स्थानिक माणूस झाडाखाली बसून उतार होण्याची वाट पाहतो. हजारो जनावरांच्या तांड्याला तसे थांबता येत नाही, कारण थांबले की वैरण संपते. आणि दोन ओढ्यांच्या मधली जमीन म्हणजे बेसाल्ट कुजून झालेली चिकण माती, जी पहिल्या हजार खुरांखाली लोण्यासारखी होते. थिजलेला लाव्हा आणि जूनचा पाऊस ह्यांची अशी भागीदारी होती. परशुरामपंतांनी तिची तारीख अचूक साधली.

ह्याच खडकाने गड राहता ठेवला हेही विसरू नये. कड्यावर राहायचे तर पाणी हवे. घट्ट बेसाल्टमध्ये टाके खोदले की ते फारसे गळत नाही, आणि दोन थरांच्या सांध्यातून काही ठिकाणी झरा पाझरतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे आणि नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत असा उपदेश आहे. भूशास्त्र हा शब्द तेव्हा नव्हता, पण कोणत्या थरात पाणी टिकते हे पाथरवटाच्या हाताला ठाऊक होते.

इतके वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सारे काही दगडानेच ठरवले. मी तसे म्हणत नाही, आणि त्यासाठीच मलकापूरला उतरणे आवश्यक होते. मलकापूरला इतिहासात मानाचे स्थान मिळाले ते ह्या दगडाचा पराभव झाल्यामुळे.

परशुराम त्र्यंबकांच्या घराण्याची एक शाखा करवीरकर छत्रपतींच्या बाजूस राहिली आणि विशाळगडची जहागीर तिच्याकडे आली. शतकाहून अधिक काळ ह्या प्रतिनिधी घराण्याचे मुख्य ठाणे गडावरच होते. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात कंपनी सरकारच्या दबावाने कारभार बदलला. गडांच्या तैनातीला वंशपरंपरेने लावून दिलेल्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात जाऊ लागल्या. गडकऱ्यांच्या दृष्टीने ही भाकरीच हिरावण्याची गोष्ट होती. सामानगडावर ठिणगी पडली आणि भुदरगड, पन्हाळा, विशाळगड असे गड त्यात ओढले गेले. बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले, इथपर्यंत मजल गेली.

पण ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला आणि १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळाही पडला. खडक तोच, कडे तेच, टाकीही तीच. औरंगजेबाला एका खेळण्यासाठी जवळजवळ सहा महिने लागले. कंपनीने काही आठवड्यांत प्रश्न मिटवला. इंग्रजांनी मोहीम पाऊस ओसरल्यावर चालवली, कोरड्या वाटांवरून तोफा आणल्या. त्या तोफांपुढे जुने तट टिकणारे नव्हते. आणि सर्वांत महत्त्वाचे, गडाबाहेरून मदतीला येणारे कोणी उरले नव्हते. १७०२ मध्ये मोगलांच्या पिछाडीला सारा मुलूख पेटलेला होता. १८४४ मध्ये गडकरी एकटे होते. अनुकूल परिस्थिती अनुकूल ठरण्यासाठी तिच्याभोवती राज्य लागते. ते गेल्यावर कडा नुसता कडा राहतो.

बंड मोडल्यावर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली आणि प्रतिनिधींचे ठाणे खाली मलकापूरला आले. संस्थानाचे १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीनीकरण होईपर्यंत विशाळगडची जहागीर येथूनच ओळखली जात होती. अभेद्य कड्यावरून नदीकाठच्या उघड्या गावात आलेली ही गादी पाहिली की अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतला फरक नकाशाशिवाय कळतो. गडावर राहणाऱ्याला शत्रूची भीती असते. नदीकाठी, हमरस्त्यावर, आंबा घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्याला गरज असते ती बाजारपेठेची आणि कचेरीची.

मलकापुरात काय पाहाल? ‘पर्यटनस्थळ’ म्हणून मिरवावे असे फार काही नाही, आणि मला ते आवडले. पेठेतून एक फेरी मारा. जोत्याचा काळा दगड आणि भिंतीतला तांबडा जांभा जेथे एकत्र दिसेल तेथे थांबा. एकाच लाव्ह्याची ती दोन वये आहेत. शाळीच्या पात्रातला एखादा भोके पडलेला धोंडा उचलून पाहा. ती भोके म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे; कशाकशात पांढरे स्फटिक भरलेले दिसतात, ती झिओलाइटवर्गीय खनिजे. धोंडा पुन्हा जागेवर ठेवा.

आसपासच्या जांभ्याच्या सड्यांविषयी एक काळजीही नोंदवते. जांभ्यासोबत बॉक्साइट येते आणि अॅल्युमिनियमसाठी ते हवे असते. शाहूवाडी तालुक्यात त्याच्या खाणी निघाल्या आहेत. खाण काढताना सड्याचा वरचा थर जातो. त्याबरोबर त्यावरच्या वाटा, पाणवठे आणि पावसाळी फुलेही जातात. १६६० ची वाट आपण दर जुलैत मोठ्या उत्साहाने चालतो, घोषणा देतो. ज्या प्रकारच्या पठारामुळे ती वाट शक्य झाली ते पठार ऐतिहासिक वास्तूंच्या कोणत्याही यादीत नसते, कारण ते कोणी बांधलेले नाही. तटाचा एक चिरा हलला तर आपण तक्रार करतो. अख्खा सडा हलला तर तक्रार कोणत्या खात्याकडे करायची, हे मला अजून कोणी सांगू शकलेले नाही.

जाणार असाल तर पावसाळा उतरल्यावर, ऑक्टोबरात जा; दरडी धुऊन स्वच्छ झालेल्या असतात आणि थर नीट दिसतात. एकदा तरी मलकापूर ते आंबा हा टप्पा खिडकीजवळ बसून करा आणि वाटेत लाल रेघा किती दिसतात ते मोजा. माझ्या मोजणीत चार आल्या, सोबतच्या मैत्रिणीच्या सहा. तो वाद अजून मिटलेला नाही. गडकऱ्यांच्या बंडाला येथे फारच थोडी जागा देता आली. सामानगडापासून ती हकिगत पुढच्या थ्रेडमध्ये.